लोणारला पहिल्यांदा जाताय? मग विवरात उतराच

लोणारला आलेली बरीचशी मंडळी काठावर उभी राहतात, खाली बघतात, दोन-चार फोटो काढतात आणि "तलावच आहे की!" म्हणत गाडीत बसतात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. एप्रिल महिना, भर बाराची वेळ आणि चौघांत मिळून पाण्याची एकच बाटली. खाली उतरायचा विषयसुद्धा कुणी काढला नाही. वीस मिनिटांत लोणार उरकून आम्ही शेगावच्या रस्त्याला लागलो. दोन वर्षांनी थंडीत पुन्हा गेलो, उतरलो, चिखलात बरबटलो, तेव्हा चूक ध्यानात आली. आम्ही नुसतं पाणी बघून आलो होतो. बघायचा असतो तो खड्डा.

हा खड्डा बुलढाणा जिल्ह्यात, लोणार गावाला अगदी लागून आहे. आकाशातून आलेल्या दगडाने काळ्या बेसॉल्ट खडकात (थिजलेल्या लाव्हाच्या) पाडलेलं हे गोल विवर. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून पाण्यापर्यंतची खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळाशी खारट पाण्याचं सरोवर, भोवती जंगलाचा पट्टा आणि त्या जंगलात विखुरलेली जुनी देवळं. सगळा परिसर अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर या आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. त्यामुळे इथे बागेत फिरल्यासारखं फिरता येत नाही. फाटकावर नोंद करावी लागते, वनविभागाचे नियम पाळावे लागतात.

आधी महिना ठरवा, मग तारीख

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ नवख्यांसाठी सगळ्यात बरा. हवा थंड असते, पाण्यावर स्थलांतरित पक्षी असतात आणि चढताना जीव घाबरा होत नाही. पावसाळ्यात विवराच्या भिंती हिरव्यागार होतात, पहाटे धुकं आत साचून राहतं. दिसायला याहून सुंदर काही नाही, पण दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि पायवाटेचा चिखल होतो. चांगले बूट आणि सोबत माहीतगार माणूस असेल तरच पावसाळा निवडा. एप्रिल-मे सोडून द्या. विदर्भाचं ऊन तर असतंच, शिवाय विवर हे वाडग्यासारखं असल्याने तळाशी वारा जवळजवळ नसतो.

नवरात्रात विवरातल्या कमळजा देवीची यात्रा भरते. तेव्हा विवरात माणसंच माणसं असतात. गर्दी आवडत असेल तर जरूर जा, पण पक्षी आणि शांतता यांची अपेक्षा ठेवू नका.

पोहोचायचं कसं

रेल्वेने येणाऱ्यांना जालना सोयीचं. तिथून रस्त्याने साधारण नव्वद किलोमीटर. वाटेत सिंदखेडराजा लागतं. जिजाऊंचं जन्मस्थान असलेला लखुजी जाधवांचा वाडा बघायला तासभर काढा, तो वाया जाणार नाही. छत्रपती संभाजीनगरहून अंतर दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. समृद्धी महामार्गाने आलात तर मेहकरला खाली उतरायचं, तिथून लोणार पंचवीसेक किलोमीटरवर. एसटीने येत असाल तर थेट लोणारची गाडी मिळेपर्यंत ताटकळू नका. मेहकर गाठा, तिथून लोणारला गाड्या मिळतात.

वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीत "जाता जाता लोणार" असा बेत करणारे पुष्कळ भेटतात. तसं केलंत की दुपारी बाराला काठावर आणि साडेबाराला परत, हे ठरलेलंच. एक मुक्काम करा. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान विवराजवळच आहे, गावात साध्या लॉजही आहेत. मुक्कामाचा खरा फायदा एकच: फाटक उघडताच आत जाता येतं. फाटकाची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून ती आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा.

पिशवीत काय घ्यायचं

माणशी दोन लिटर पाणी. ही सूचना सगळे वाचतात आणि कोणी पाळत नाही. दुसऱ्या खेपेला आमच्यासोबत गावातले एक वयस्कर वाटाडे काका होते. निघताना त्यांनी माझी पिशवी हाताने तोलली आणि विचारलं, "पानी किती हाय, भाऊ?"

"एक बाटली."

"एका बाटलीनं उतरनं व्हते. चढनं नाई होत."

मुकाट्याने मागे जाऊन दोन बाटल्या आणखी घेतल्या. तळाशी दुकान नाही, प्यायला योग्य पाणी मिळेल याचा भरवसा नाही आणि समोर एवढं मोठं सरोवर असलं तरी त्यातला एक घोटही घेता येत नाही.

बाकी सामान थोडकंच: पकड असलेले बूट (चप्पल नको), पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, दुर्बीण असेल तर दुर्बीण आणि देवळांतल्या अंधारासाठी विजेरी. खाऊ घ्या, पण पिशवीच्या आत बंद करून. देवळांच्या आसपासच्या वानरांना प्लॅस्टिकचा आवाज बरोब्बर कळतो. ड्रोन घरीच ठेवा.

आणि एक गाईड घ्या. विवरात पाट्या कमी आहेत, गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा एकमेकींत मिसळतात आणि बिबट्याचा वावर असलेल्या जंगलात वाट शोधत बसणं शहाणपणाचं नाही.

आदली संध्याकाळ: दैत्यसूदन आणि काठ

पोहोचलात त्या दिवशी खाली उतरू नका. आधी गावातल्या दैत्यसूदन (विष्णूच्या) मंदिरात जा. चालुक्य काळातल्या शिल्पकलेचा हा नमुना तारकाकृती पायावर उभा आहे. बाहेरची भिंत शिल्पांनी इतकी भरलेली आहे, की एक प्रदक्षिणा पुरत नाही. आत मात्र काळोख. इथे विजेरी कामी येते, कारण पाहण्यासारखं बरंच काही डोक्यावर, छतात कोरलेलं आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथल्या जमिनीखाली राहायचा, विष्णूने त्याला मारलं आणि त्याच्या वधाने हे खारं पाणी झालं, ही लोणारची कथा. गावाचं नाव याच लवणासुराशी जोडलं जातं. जमिनीत पडलेलं भगदाड आणि त्यातलं खारट पाणी, या दोन्हींचा उलगडा करणारी गोष्ट लोकांनी कधीच रचून ठेवली होती. शास्त्रज्ञ फार नंतर आले.

ऊन कललं की काठावर जा. आता घाईने पाण्याकडे बघू नका. आधी मागे वळून शेतांकडे बघा. विवराची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे वीस मीटर उंच आहे. जमीन नुसती खचली असती तर अशी उचललेली कड तयार झाली नसती. आघाताने आतला खडक वर उचकटून बाहेर फेकला गेला आणि कडेबाहेर पसरला, त्याची ही उंची. बाहेरच्या शेतांत किलोमीटरभर अंतरापर्यंत हा फेकलेला माल सापडतो.

दुसरी खूण खडकाच्या थरांची. सह्याद्रीतला कुठलाही घाट डोळ्यांसमोर आणा: लाव्हाचे थर एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारखे आडवे असतात. इथला खडकही त्याच जातीचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पण कडेजवळ हे थर आडवे नाहीत. ते विवरापासून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, काही ठिकाणी तर पार उलटलेले आहेत. हे कललेले थर स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता आले, की लोणार तुम्हाला अर्धं कळलं.

थंडीत गोमुखाच्या धारेजवळच्या काठावर थांबलात तर सूर्य समोरच्या कडेमागे उतरतो आणि त्या कडेची सावली पाण्यावरून सरकत सरकत आपल्या बाजूला येते. गोल काठाची गोल सावली. खड्ड्याचा आकार मला त्या सावलीने जितका समजला, तितका कुठल्याही नकाशाने समजला नव्हता.

गाईडच्या गोष्टी ऐकताना

तुम्हाला तीन-चार वाक्यं हमखास ऐकू येतील. त्यांतलं किती घ्यायचं, ते आधीच माहीत असलेलं बरं.

"हे विवर बावन्न हजार वर्षांपूर्वीचं आहे." हा आकडा खडकातल्या प्रकाश-ऊर्जेच्या मापनातून आला. पुढे आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून केलेल्या मापनात वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दोन्ही आकडे छापील सापडतात. वाद घालत बसू नका, पण पाटीवरचा एकच आकडा पाठही करू नका.

"बेसॉल्टमधलं हे जगातलं एकमेव विवर आहे." एकमेव नाही. ब्राझीलमध्येही बेसॉल्टमध्ये आघात-विवरं आहेत, पण काळाने ती झिजवून टाकली आहेत. लोणार मात्र अजून वाडग्यासारखं शाबूत आहे. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावर बऱ्याच भागांत बेसॉल्ट पसरलेला असल्याने, तिथली विवरं समजून घेऊ पाहणाऱ्यांना लोणार फार मोलाचं वाटतं.

"उल्का अजून तळाशी आहे." मोठा तुकडा कधीच सापडलेला नाही. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आदळलेल्या दगडाची टक्करीतच वाफ होते आणि भुगा होतो. मग हा ज्वालामुखी नाही हे कळलं कशावरून? पूर्वी बरेच जण ज्वालामुखीच मानत, कारण सगळा प्रदेशच लाव्हाचा. निकाल लागला तो भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांवरून. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथे मॅस्केलिनाइट सापडल्याची नोंद आहे. ही फेल्डस्पार खनिजाची काच. ज्वालामुखीच्या आगीने ती होत नाही, तिला आघाताचा प्रचंड दाबच लागतो.

उतरायला सुरुवात

पहाटे फाटकावर नोंद करून धारेच्या बाजूने उतरणं मला सोयीचं वाटतं. धार म्हणजे गोमुखातून बारमाही पडणारं गोडं पाणी. भाविक इथे स्नानाला येतात, देवळांचा समूह आहे, सकाळी घंटांचा आवाज असतो. तिथून पायऱ्या आणि पुढे पायवाट थेट झाडीत शिरते.

पहिली दहा मिनिटं गुडघ्यांवर येतात. पायऱ्या उंच-सखल आहेत, घाई करू नका. उतरता उतरता झाडं बदलत जातात, इकडे लक्ष ठेवा. वरच्या उतारावर साग आणि कोरडं रान, खाली चिंच, सीताफळ, शिंदी, आणि पाण्याजवळ बाभळीची दाटी. तिच्यात वेडी बाभूळ फार माजली, ती काढायचं काम वनविभाग करत आला आहे. मोर दिसतोच. दिसला नाही तर ओरडतो तरी. तुमच्यात चिमुरडी मुलं असतील तर त्यांना पुढे पळू देऊ नका. घोरपड वाटेत आडवी येते, आणि साप असतातच.

वाटेत एखाद्या पडक्या देवळाशी थांबा. चौथरा अर्धा मातीत, खांबाला मुळांनी विळखा घातलेला आणि गाभाऱ्यात वटवाघळांचा वास. आत जायचं असेल तर आधी विजेरी मारा, हात लावायचा मोह टाळा. बहुतेक देवळं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत.

पाण्याशी

झाडी संपायच्या आधीच वास येतो. सडक्या अंड्यासारखा, गाळातून येणारा. नाक मुरडलं तरी पाच मिनिटांत सवय होते.

सरोवराचा व्यास साधारण बाराशे मीटर. झरे, धारा, पावसाचं पाणी असं सगळं आत येतं, बाहेर जायला मात्र वाट नाही. पाणी जातं ते फक्त वाफ होऊन, आणि क्षार मागे राहतात. युगानुयुगं हेच चालल्यामुळे पाणी खारट तर आहेच, पण त्याहून जास्त अल्कधर्मी आहे, सामू (pH) साधारण दहाच्या घरात, शुद्ध पाण्याचा सात असतो. बोटं बुडवलीत तर साबणाच्या पाण्यासारखं बुळबुळीत लागतं. इथले क्षार एके काळी गोळा करून विकले जात. काच आणि साबण यांसाठी लागणारा माल इथे मिळतो, याची नोंद अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीतही आहे.

काकांनी मला हे दुसऱ्याच रीतीने दाखवलं. खिशातून कागदाची पुडी काढली, तळहातावर चिमूटभर हळद घेतली आणि सरोवराच्या पाण्यात भिजवलेलं बोट तिच्यावर टेकवलं. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली.

"कुकू झालं पाहा," काका म्हणाले.

हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करतात, ते याच रसायनाने. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी चालणारा हा प्रयोग त्या दिवशी एका बोटावर झाला. तुम्हीही चिमूटभर हळद घेऊन जा. सामू मोजायच्या पट्टीपेक्षा हे लक्षात राहतं.

दुसरा प्रयोग लोहचुंबकाचा. काठच्या काळ्या वाळूतून चुंबक फिरवलं, की त्याला केसांसारखे काळे कण उभे चिकटतात. "उल्केचं लोखंड" असं सांगितलं जातं. इथे मात्र थोडं सबुरीने घ्या. बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय खनिज असतं. नदीकाठच्या काळ्या वाळूतही चुंबक फिरवलं तर असेच कण मिळतील. चिकटलं म्हणजे उल्का, असं नाही. आणि वाळू असो की दगड, खिशात घालून आणू नका. अभयारण्यातून काहीही उचलून नेणं गुन्हा आहे.

चिखलाबद्दल गंभीरपणे: पाण्याजवळचा गाळ वरून सुकलेला, भेगाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत घेतो. गाईडच्या पावलावर पाऊल ठेवा. अलीकडच्या काळात सरोवराची पातळी वाढून काठच्या काही देवळांना पाणी लागलं आहे. त्यामुळे जुन्या फोटोंत दिसणारी काठाकाठाची वाट तुम्हाला तशीच मिळेल असं धरून चालू नका.

जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं, ते आठवत असेल. पातळी घटून क्षारता वाढली आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा गुलाबी रंग पाण्यात उतरला, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून निघाला. पावसाने पाणी वाढल्यावर रंग ओसरला. एरवी पाणी हिरवट असतं, तो रंग शैवालांचा आणि जिवाणूंचा. गुलाबी पाणी बघायला म्हणून येऊ नका, निराश व्हाल.

पक्ष्यांसाठी मात्र थांबा. एका जागी बसा, पंधरा मिनिटं बोलू नका. शेकाट्या उथळ पाण्यात लांब पायांनी चालत येतात, टिबुकल्या बुडी मारतात, हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या असतात. टिटवीच्या जवळ गेलात तर ती सगळ्या सरोवराला तुमची बातमी देते.

कमळजा आणि चढण

कमळजा देवीचं देऊळ पाण्याच्या अगदी जवळ. गावकऱ्यांची श्रद्धा इथे जिवंत आहे, बाकीची देवळं बहुतेक पडीक. वाट खुली असेल तर दर्शन घ्या, सावलीत बसा, उरलेला खाऊ इथेच संपवा आणि कागद-पिशव्या परत पिशवीत टाका.

दहाच्या आत चढायला लागा. दीडशे मीटर म्हणजे पन्नासेक मजले, लिफ्टशिवाय. "उतरताना समदे हासतात, चढताना कोनी बोलत नाई," असं काका म्हणाले आणि पुढे तेही बोलले नाहीत. दर पन्नास पावलांवर थांबलात तरी काही बिघडत नाही. गुडघ्यांचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी सरळ वरच्या कडेवरून फिरावं. कडेची पूर्ण फेरी सहा किलोमीटरच्या आसपास भरते, आणि अर्धी केली तरी खड्डा नीट समजतो.

वेळ उरला तर

विवराच्या उत्तरेला अंबर तळं आहे, लहान लोणारही म्हणतात. मूळ दगडाचा तुकडा पडून हे झालं, असं तुम्हाला सांगतील. यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. जवळच निजलेल्या मारुतीचं देऊळ. एवढी मोठी आडवी मूर्ती सहसा बघायला मिळत नाही. तिच्याजवळ होकायंत्र नेलं की सुई फिरते, आणि मूर्तीचा दगडच उल्केचा आहे असं सांगतात. फिरवून बघा, पण मॅग्नेटाइटचं वर काय सांगितलं, ते ध्यानात असू द्या.

परत आलात की बूट त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन टाका. मी आळस केला होता. दोन दिवसांनी चिखल झटकला तेव्हा चामड्यावर क्षारांची पांढरी किनार उमटली होती, आणि कितीही पॉलिश मारलं तरी ती अजून गेलेली नाही.